एनॉकला हॅमसकट पुरलं

एनॉक एंटविसलला हॅमसकट पुरलं, एवढं तरी ब्रॅकनशॉमधल्या कुणालाही नाकारता येणार नव्हतं. माणूस कसा जगला हे आमच्या गावात चॅपलमधला पाद्री सांगतो, आणि त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. खरा निकाल लागतो दफनाहून परतल्यावर, चहाच्या टेबलाशी. उकडलेलं हॅम जाड कापलेलं असलं तर मेलेला अब्रूदार. पातळ असलं तर त्याची बायको कवडीचुंबक. आणि नुसतंच चीज नि लोणचं पुढे आलं, तर त्या घरात मुलगी देताना लोक दोनदा विचार करतात. एनॉकचं हॅम बोटाएवढं जाड होतं. चॅपलची मंडळी, शेजारीपाजारी, कापडगिरणीतले जॉबर, म्हणजे मुकादम, सगळे दोन पंगतींत जेवून, डोळे पुसून, तृप्त होऊन गेले. जाताना प्रत्येकानं एनॉक किती भला होता ते सांगितलं. जिवंतपणी त्याला हे कुणी कळू दिलं नव्हतं.

उरले ते घरचे. त्यांच्यासाठी केझिया पुन्हा सुरी घेऊन बसली. केझिया ही एनॉकच्या विधवेची, झिलाची, धाकटी बहीण. स्मशानातून सगळ्यांच्या आधी परतून तिनं खिडक्यांचे पडदे वर केले होते आणि शेकोटीवरच्या आरशावरचं काळं फडकं काढलं होतं. माणूस गेला की आरसा झाकायचा आणि दफन झालं की उघडायचा, ही आमच्याकडची रीत. का, ते कुणी विचारत नाही. विचारलं तर केझिया म्हणते, "आरशाला विचार."

"थर्स्टन, आणखी एक तुकडा?" तिनं विचारलं.

थर्स्टन म्हणजे एनॉकचा धाकटा भाऊ. गिरणीच्या साचेखात्यातला, म्हणजे विणकामाच्या मागांच्या खात्यातला, जॉबर, चॅपलच्या गायकांतला सगळ्यात मोठा आवाज, आणि आज भावाच्या दुःखात चौथ्या तुकड्यावर आलेला.

"नको म्हणवत नाही बघ," तो म्हणाला. "एनॉकला फार आवडायचं."

"मग त्याच्या वाटणीचंही तूच खातोयस होय? मला वाटलं, भूक लागली असेल."

थर्स्टननं तिच्याकडे दुर्लक्ष केलं. केझियाकडे दुर्लक्ष करायला ज्यानं वेळीच शिकून घेतलं, तोच आमच्या साचेखात्यात टिकला.

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला एलिस बसला होता, झिलाचा थोरला. मँचेस्टरच्या एका कचेरीत हेडक्लार्क. त्या शहराबाहेरच्या नव्या वस्तीत त्याचं घर होतं आणि त्या घराला नाव होतं. आमच्याकडे घरांना नंबर असतात, नावं माणसांना असतात. पण एलिसच्या घराचं नाव 'द लॉरेल्स'. शेजारी त्याची बायको फ्लॉरेन्स. खुर्ची मळकी असावी अशी ती अगदी कडेला टेकली होती. ती खुर्ची मार्थानं पहाटे उठून साबणानं घासली होती. मार्था ही झिलाची मुलगी. लग्न नाही, चार साचे चालवणारी, आणि भाऊ शिकत होता तेव्हा ह्या घरातला दिवा जिच्या जिवावर जळला ती.

घर गिरणीचं. नियम साधा: घरातली दोन माणसं गिरणीत कामाला असतील तर घर तुमचं. एनॉकच्या आजारपणात त्याची सेवा करायला झिलानं साचे सोडले होते. आजारी असला तरी एनॉकचं नाव गिरणीच्या पटावर होतं; आता तो गेला, म्हणजे उरली एकटी मार्था. सोमवारी गिरणीचा माणूस दार वाजवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हॅम खातानाही प्रत्येकाच्या मनात तेच दार वाजत होतं.

एलिसनं घसा खाकरला.

"मी आणि फ्लॉरेन्सनं ठरवलंय," तो म्हणाला, "आईनं आमच्याकडे यायचं. कायमचं."

झिलाचा चेहरा असा उजळला की मार्थाला बघवेना. गेले काही महिने त्या चेहऱ्यावर फक्त थकवा होता. आता त्यावर लाली आली. झिलानं ओठ मिटून हसू लपवलं, कारण पुढचे दात नव्हते. मागाच्या धोट्यातून सूत तोंडानं ओढून घेता घेता आमच्या बायकांचे दात असेच जातात.

"माझं काय करशील रे तिथं?" झिला म्हणाली. "मला काटेचमचेसुद्धा धड धरता येत नाहीत तुमच्यासारखे."

"आई! तू काही करायचंच नाहीस. बस, आराम कर. बागेत बस."

"बाग आहे?"

"पुढे एक, मागे एक," फ्लॉरेन्स म्हणाली. "मदर, तुम्हाला फार आवडेल."

केझिया मार्थाकडे वळली. "आजपासून 'मदर' झाली बरं का! गेल्या नाताळात पाठवलेल्या कार्डावर 'मिसेस एंटविसल' होतं."

"मावशी, नको," मार्था हळूच म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं? मी कौतुक करतेय."

थर्स्टननं सुरी खाली ठेवली आणि दोन्ही हात टेबलावर पसरले. "वहिनी, देवानं ऐकलं. असा मुलगा मिळायला पुण्य लागतं. तुम्ही बेधडक जा. इथली काळजी करू नका. मार्था केझियाकडे राहील. आणि घराचं म्हणाल तर, आमच्या विल्फचं लग्न झालंय, दोघंही गिरणीत आहेत. सोमवारी मी साहेबांच्या कानावर घालतो. घर एंटविसलांकडेच राहील, बाहेर जाणार नाही."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. फक्त हा नागोबा भावाच्या दफनाच्या काळ्या कोटात होता आणि त्याच्या हनुवटीवर मोहरी लागली होती.

"विल्फनं पडद्यांचं माप घेतलंच असेल," केझिया म्हणाली.

"माप कशाला? हेच पडदे राहू देत," थर्स्टन म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याला कळलंसुद्धा नाही.

मार्थाला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. आई, जाऊ नकोस, मी आहे ना. पण कशाच्या जोरावर बोलणार? दोघींच्या पोटापुरतं मिळतं, पण एकटीला घर कोण देतो? आणि आईच्या चेहऱ्यावरची ती लाली. मुलानं बोलावलं म्हणून आलेली. मुलगी इतकी वर्षं रोज घरी होती, तिच्यामुळे अशी लाली कधी आली नव्हती. मार्थाला भावाचा राग आला, आईचा त्याहून आला, आणि मग स्वतःचीच लाज वाटून ती कपबशा गोळा करू लागली.

*

फ्लॉरेन्सला श्वास कोंडल्यासारखं होत होतं. ह्या खोलीत सगळे ओरडून बोलत होते. हे लोक चहा मागतानासुद्धा पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारल्यासारखे मागतात, हे तिनं लग्नाच्या वेळीच पाहिलं होतं. एलिसनं तेव्हा समजावलं होतं की साचेखात्यातल्या आवाजानं सगळ्यांचे कान गेलेत. कान गेलेत, एवढंच तिच्या लक्षात राहिलं. बहिऱ्यांच्या घरात कुजबुजायला भीती कसली?

ती उठून शेकोटीपाशी गेली आणि नजरेनं एलिसला बोलावलं. तो आला. ती टेबलाकडे तोंड करून उभी होती. चेहऱ्यावरचं गोड हसू तसंच ठेवून, आवाज जवळजवळ नाहीच अशा बेतानं ती म्हणाली:

"रविवारी पाहुणे आले म्हणजे? ह्या तोंड उघडतील. ते दात, ती भाषा. काय सांगायचं लोकांना?"

आता एक गोष्ट इथं सांगायला हवी, ब्रॅकनशॉबाहेरच्या माणसासाठी. गावातल्या शेंबड्या पोराला ती ठाऊक आहे. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालू असतात तेव्हा तोफ उडाली तरी ऐकू येत नाही. म्हणून आमच्या बायका आवाजाविना बोलतात. ओठ मोठे हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. त्याला आम्ही मीमॉ म्हणतो. खात्याच्या ह्या टोकाच्या बाईला त्या टोकाच्या बाईच्या नवऱ्याचे प्रताप जागेवरून कळतात. रस्त्यावर, चॅपलमध्ये, प्रार्थना चालू असतानासुद्धा आमच्यातली कुणीही कुणाचेही ओठ वाचते. त्यासाठी कान लागत नाहीत. उलट कान गेले की डोळे आणखी तयार होतात.

एलिसला हे विसरायला झालं होतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. विसरला असता तर मूर्ख म्हणून सोडून देता आलं असतं. पण तो विसरला नव्हता. फ्लॉरेन्सचे ओठ हलताच तो दचकला आणि झटकन टेबलाकडे पाठ करून, शेकोटीकडे तोंड करून उभा राहिला. लहानपणी तो त्याच साचेखात्यात आईच्या पायाशी सूत झाडत होता. पाठ का करायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो विसरला ते एवढंच, की आरशावरचं फडकं निघालं होतं.

त्या आरशात, सगळ्या खोलीसमोर, एलिसचे ओठ म्हणाले:

"आई म्हणून सांगायचंच कशाला? म्हणायचं, मला लहानपणी सांभाळणारी बाई आहे. म्हातारपणी तिला टाकलं नाही, ठेवून घेतलं. उलट लोक वाखाणतील."

"आणि आपली मोलकरीण एलन काम सोडून गेल्यापासून स्वयंपाकघरात कुणी नाही."

"तेच तर. तिला कामाची सवय आहे. मागची खोली देऊ."

*

झिला थर्स्टनच्या कपात चहा ओतत होती. तिची नजर सहज आरशाकडे गेली होती, मुलगा उंच दिसतो ह्या कौतुकानं. चहा कपातून बशीत आला, बशीतून टेबलक्लॉथवर. ती ओततच राहिली.

"वहिनी, वहिनी! बास!"

तिनं किटली खाली ठेवली.

मार्थानं कपबशांमागून केझियाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, आवाज नाही: *आईनं पाहिलं?*

*पाहिलं,* केझियाचे ओठ म्हणाले. *सगळं.*

*मी त्याचं तोंड फोडते.*

*थांब. तिचा मुलगा आहे. आधी ती काय करते बघू.*

आणि मग दोघींनी एकाच वेळी थर्स्टनकडे पाहिलं. थर्स्टन आरशासमोरच बसला होता. उमेदवारीच्या वयापासून साचेखात्यात असलेला माणूस, बायकांच्या ओठांवरून कुठला साचा बंद पडलाय ते ओळखणारा. त्याचा घास अर्ध्यावर थांबला होता. क्षणभर त्याचा चेहरा माणसासारखा दिसला. मग त्यानं घास तोंडात टाकला, चावला, गिळला आणि म्हणाला,

"मग वहिनी, कधी निघायचं म्हणता? शुभ कामाला उशीर नको."

केझियाच्या हातातली सुरी हॅमच्या हाडात रुतून बसली.

झिला खुर्चीवर टेकली. तिच्या गालांवरची लाली गेली होती, पण आवाज नेहमीसारखाच मोठा होता. "एलिस, इकडे ये. बस माझ्याजवळ."

तो आला. फ्लॉरेन्स त्याच्या मागे.

"मला एक सांग. तुमच्याकडे पैपाहुणे येत असतील."

"येतात की. रविवारी तर हमखास."

"ते विचारतील ना, ही म्हातारी कोण म्हणून?"

मार्थाला कळलं, आई त्याला वाट करून देतेय. अजूनही. कापड विणताना दोष दिसला तर साचा थांबवून, मागं जाऊन, दोष उसवून पुन्हा विणता येतो. आईनं साचा थांबवला होता आणि त्याच्याकडे बघत होती.

एलिसनं तिचा हात हातात घेतला. "विचारू देत! मी सांगेन, ही माझी आई," तो म्हणाला. इतक्या मोठ्यानं, की त्याला वाटलं असेल थेट स्मशानात ऐकू गेलं.

"अगदी," फ्लॉरेन्स म्हणाली.

झिलानं हात सोडवून घेतला. घाई केली नाही. हात पदराआड न्यावा तसा शालीत ओढला. तिला इतकं दुखलं होतं की ती रडू शकली नाही. नवरा गेला तेव्हा रडली होती. पण नवऱ्यानं तिला कधी नाकारलं नव्हतं.

"भावजी," ती थर्स्टनला म्हणाली, "सोमवारी मला दोन साचे पाहिजेत."

थर्स्टनला ठसका लागला. "काय?"

"दोन. चार झेपायचे नाहीत आता. मी आणि मार्था, दोघी गिरणीत. घर आमचंच राहील."

"आई, हे काय भलतंच!" एलिस म्हणाला. "ह्या वयात?"

"वहिनी, साचे काय झाडाला लागतात? यादी आहे, तरण्या पोरी थांबल्यात. साहेब मला काय म्हणतील? आणि मुलगा सोन्याचा बंगला देतोय तर तुम्ही पुन्हा सूत तोंडात धरायला निघालात? लोक हसतील."

"लोकांचं काय म्हणतोस, थर्स्टन?" केझिया उठली. सुरी हाडातच राहिली. "लोकांचंच बोलू. मला सांग, तू कुठे बसला होतास आत्ता?"

"इथंच. का?"

"समोर काय आहे?"

"भिंत."

"भिंतीवर?"

थर्स्टननं हनुवटीवरची मोहरी पुसली. आज पहिल्यांदाच.

"मला काही दिसलं नाही," तो म्हणाला.

"काय दिसलं नाही? मी तर अजून काही विचारलंच नाही." केझिया टेबलावर वाकली. "साचेखात्याच्या पलीकडच्या भिंतीशी उभी असलेली पोर तुला ओठांनी शिवी देते, ती तुला दिसते आणि तू तिची हजेरी कापतोस. आणि इथं दोन हातांवर, तुझ्या भावजयीला... ते तुला दिसलं नाही. हॅम आड आलं असेल."

"कसलं बोलताय तुम्ही?" फ्लॉरेन्सनं विचारलं. "एलिस, ह्या कसलं बोलतायत?"

एलिसनं खिशातलं घड्याळ काढलं.

"सोमवारी सकाळी," केझिया थर्स्टनला म्हणाली, "साचे सुरू झाले की मी माझ्या शेजारणीला सांगेन, तू काय वाचलंस आणि कशाबरोबर गिळलंस. एकच वाक्य. आवाजसुद्धा करायचा नाही मला. न्याहारीच्या सुट्टीपर्यंत आठशे बायकांना कळेल. मग तू गिरणीत फिर मानानं, आणि रविवारी चॅपलमध्ये गा, 'देवा, तुझे डोळे सर्व पाहतात.' किंवा मग माझी बहीण सोमवारी दोन साच्यांवर उभी राहील, आणि माझ्या तोंडाला कुलूप."

थर्स्टननं काटा ताटात ठेवला.

"खिडकीशेजारचे दोन रिकामे आहेत," थर्स्टन ताटाकडे बघत म्हणाला. "उजेड चांगला आहे तिथं. वहिनींच्या डोळ्यांना बरं."

"बघ, पुण्य कसं लागतं," केझिया म्हणाली. "आणि विल्फला सांग, पडदे आमच्याकडेच राहतील."

*

एलिसनं गाडीच्या वेळेचं निमित्त केलं. कोट चढवला, हॅट घेतली आणि सवयीनं ती नीट करायला आरशासमोर गेला.

आरशात त्याला सगळी खोली दिसली. टेबल दिसलं. थर्स्टनकाका, मावशी, मार्था, आई, प्रत्येकाचा चेहरा, आणि सगळ्यांची नजर त्याच्यावर. आपण मघाशी कुठे उभे होतो ते त्याला आठवलं. हॅटवरचा हात तसाच राहिला. मागं वळून चार शब्द बोलावे असं त्याच्या मनात आलं. पण कुठले? फ्लॉरेन्सनं बाहेरून हाक मारली. एलिस जन्मभर बोलावणाऱ्याच्या मागून गेला होता, तो गेला.

दारात आईनं त्याला जवळ घेतलं नाही. मार्थानं हॅमचा उरलेला तुकडा कागदात बांधून फ्लॉरेन्सच्या हातात दिला, कारण दफनाच्या घरातून कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, कुणालाही नाही, ही आमची रीत. फ्लॉरेन्सनं तो दोन बोटांत धरला.

भाड्याची घोडागाडी दारापुढे उभी होती. शेजारच्या बायका आपापल्या पायऱ्यांवर हाताची घडी घालून उभ्या होत्या. एलिस आत बसला आणि नको नको म्हणत असताना त्याची नजर घराकडे गेली.

झिला खिडकीत उभी होती, बंद काचेमागे. त्याला अक्षर ओळखायला यायच्या आधीपासून तो हे ओठ वाचत होता. साच्यांच्या गदारोळात, तेलाच्या वासात, हेच ओठ रोज त्याला विचारायचे: जेवलास का, दमलास का, ये माझ्याजवळ. आता ते सावकाश हलले. प्रत्येक शब्द मोठा, सुटा, खात्याच्या पार दुसऱ्या टोकाला कळेल असा:

*तुला सांभाळणारी बाई आजपासून काम सोडून गेली.*

मग तिनं पडदा ओढला.

गाडी दगडी रस्त्यावरून खडखडत निघाली. पायऱ्यांवरच्या बायका त्या खिडकीकडे बघत होत्या, मग एकमेकींकडे बघू लागल्या. एकीचेही ओठ हलले नाहीत, आणि आमच्या गल्लीत असं कधी होत नाही.

"काय म्हणाल्या मदर?" फ्लॉरेन्सनं विचारलं. "काहीतरी म्हणत होत्या ना?"

"काही नाही," एलिस म्हणाला. "जपून जा म्हणाली."

"बिचाऱ्या," फ्लॉरेन्स म्हणाली आणि हॅमची पुडी सीटखाली पायानं सरकवली. "शेवटी आईच ना."